टेप रिकामी सोडायची नाही

ब्लॉग बंद करतेय एवढं कळवायलाही थोडी सवड लागते, हे मला माझी लेक आयात जन्मल्यावर कळलं.

पण आधी त्या ब्लॉगबद्दल सांगते, नाहीतर म्हणाल ही बाई कशापायी एवढा जीव टाकत होती. लग्न करून मी खाडीकाठच्या राजिवड्याला आले आणि महिन्याभरात अक्रम मस्कतला परत गेला. मराठी घेऊन बी.ए. झालेल्या बायकोला करमावं म्हणून जाताना एक कॉम्प्युटर आणि टेलिफोनच्या तारेवर चालणारं इंटरनेट मागे ठेवून गेला. नवरे अत्तर देतात, साड्या देतात. माझ्या नवऱ्याने वायर दिली. त्या वायरीवर मी 'खिडकीतली खाडी' हा ब्लॉग सुरू केला. इंग्रजी अक्षरं दाबायची आणि समोर मराठी उमटायचं, ही गंमतच मला पहिले काही दिवस पुरली.

आखातात सुट्टी शुक्रवारची, म्हणून मी गुरुवारी संध्याकाळी लिहिलेलं टाकायचे. भाट्याच्या पुलावर बंद पडलेल्या एसटीत जमलेलं लग्न, मासळीवालीशी इंग्रजीत घासाघीस करणारी मास्तरीण, सासऱ्यांनी होडीला दिलेला रंग आणि तोच रंग लागलेली त्यांची दाढी, असलं काहीबाही. वाचणारे मस्कतचे, दोह्याचे, कुवेतचे. एक बाई तर थेट न्यू जर्सीहून वाचायची. पानाच्या तळाशी वाचकांचा आकडा फिरायचा, तो बघायला मी दिवसातून कितीदा तरी कॉम्प्युटरशी जायचे. आणि माझं लिखाण म्हणजे कसं, सुरुवात ऐटीत, मध्ये एखादा चिमटा, आणि शेवट असा की वाचणाऱ्याने खुर्चीला टेकून 'वा' म्हणावं. एकेक वाक्य चारचारदा फिरवायचे. मला त्याचा गर्व होता, आणि का नसावा?

मग आयात झाली. चाळीस दिवस मी साखरतरला माहेरी होते. जाताना ब्लॉगवर लिहून गेले, 'पाहुणा येतोय, चाळिसावं झालं की त्या शुक्रवारी भेटूच.' चाळिसावं झालं. त्यानंतर किती शुक्रवार गेले ते मी मोजायचं सोडून दिलं.

दोष कोणाला द्यायचा? एकतर आयात, दुसरं भारनियमन. दोघांनी आपसात ठरवून घेतलं होतं याची मला खात्री होती. लाईट गेली की पंखा बंद पडायचा, तरी घामाघूम होऊन ही बया ढाराढूर झोपायची. लाईट आली, कॉम्प्युटर सुरू होताना 'टुंग' वाजला, की डोळे टक्क उघडे. मांडीवर घेऊन एका हाताने टाइप करून पाहिलं, तर तिने किबोर्डवर लाथ मारून माझा अर्धा परिच्छेद पुसला. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून लिहायला बसले, तर ताल असा जमला की मलाच डुलकी लागली.

सुरू केलेलं एकही धड पुरं होईना. 'आयातची छटी आणि हरवलेला बोकड' बोकड हरवण्याआधीच थांबलेलं. 'माहेरचं पाणी' दोन ओळींचं. असे कितीतरी अर्धे तुकडे कॉम्प्युटरमध्ये साठले. अर्धवट काही टाकणं मला जमणारं नव्हतं. फाटका दुपट्टा घेऊन बाजारात गेल्यासारखं वाटलं असतं. आणि इकडे वाचक विचारत होते. आधी 'बाळ-बाळंतीण बरी आहे ना?', मग 'ताई, कुठे आहात?', आणि एके दिवशी कोणीतरी लिहिलं, 'संपला वाटतं हा ब्लॉग. चांगला होता.'

चांगला होता! मेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. मला ते असं काही लागलं की मी दुपारी जेवले नाही. लेकीवर माझा जीव होता, तिच्या पावलांचा वास घेत मी तासभर बसू शकायचे. पण घरीदारी मी आता 'आयातची अम्मी' झाले होते. मासळीवालीसुद्धा 'आयातच्या अम्मी, बांगडे घ्या' म्हणायची. आफरीन म्हणून जी कोणी होती ती फक्त त्या ब्लॉगवर राहिली होती, आणि तीही आता चालली होती.

फोनवर अक्रमला सांगितलं. तो बिचारा चांगल्या मनाने म्हणाला, "अगं, मग दोन ओळी लिही की बाळामुळे सध्या बंद. लोकं समजून घेतील. पोरगी शाळेत गेली की बघ परत."

"शाळेत गेली की? का, तिचं लग्न होऊ दे की!" मी म्हटलं आणि फोन ठेवला. पण मग वाटलं, बरोबरच बोलतोय तो. रोज रोज जीव जाळण्यापेक्षा एकदा काय तो निकाल लागलेला बरा. बुधवारी सकाळी लाईट होती, आयात झोपली होती. मी बसले आणि लिहिलं, 'प्रिय वाचकहो, आजपासून हा ब्लॉग मी...'

आयात उठली. उठली म्हणजे काय, तिने राजिवडा डोक्यावर घेतला. तिला घेतलं, पाजलं, खांद्यावर टाकून थोपटलं, परत येऊन बसले तर लाईट गेली. लिहिलेली ओळही गेली.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडायला लागले. म्हणजे बंद करायचं म्हटलं तर तेही पुरं होऊ नये! आयात माझ्याकडे बघून हसली. त्याने आणखीनच रडू आलं.

अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई रझिया, बांगडे साफ करत होत्या. हात धुऊन आत आल्या. त्या कधी माझ्या ब्लॉगच्या वाटेला गेल्या नव्हत्या. 'तुझं ते कॉम्प्युटरातलं' एवढंच म्हणायच्या. आज मात्र समोर फतकल मारून बसल्या.

"काय झालं काय गो? कोण बोललं तुला?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे तुला तिकडच्या लोकांना हिकडचं सांगायचं हाय. आन् हात मोकळा नाय."

"हो."

"मग तोंड मोकळं हाय ना?"

त्या उठल्या, कपाटावर चढवलेली पत्र्याची पेटी खाली काढली आणि चादरीत गुंडाळलेला एक टेपरेकॉर्डर बाहेर आला. दोन स्पीकरचा, चांदीसारखा चकचकीत, अब्बांनी कुवेतहून आणलेला. "सेलवर चालतो," त्या म्हणाल्या. "ह्याला तुझी लाईट नाय लागत."

अब्बा, माझे सासरे गुलाम रसूल, तरुणपणी कुवेतला होते. तेव्हा फोन म्हणजे लग्न-मयतीचं काम. अम्मींना लिहिता येत नव्हतं, दुसऱ्याकडून लिहून घ्यायची लाज. म्हणून त्या कॅसेट भरून पाठवायच्या. कोणी मुंबईहून विमानाने निघालं की त्याच्या बॅगेत सुका जवळा, लोणचं आणि कॅसेट. राजिवड्यातल्या किती घरांतून अशा कॅसेटी जायच्या. हे मला ऐकून माहीत होतं, पण त्याचे कायदे होते हे माहीत नव्हतं.

"पहिलं सलाम घालायचा," अम्मी बोटांवर मोजत सांगायला लागल्या. "मग बोलत ऱ्हायचं. आन् बटण बंद नाय करायचं. काय झालं तरी नाय."

"का पण?"

"टेप रिकामी सोडायची नाय आमच्यात. तिकडं माणूस कानाला लावून बसलेला असतो. मधीच बाई गप झाली तर त्याला काय वाटंल? घरात काय झालं? भरली पायजे बाजू, टोकापर्यंत."

कोरी कॅसेट घरात नव्हती. अक्रमची लग्नाआधीची गाण्यांची एक सापडली. तिच्या कडेच्या खाचेत अम्मींनी सराईतपणे कागदाचा बोळा कोंबला, म्हणजे तिच्यावर भरता येतं. नवऱ्याच्या आवडत्या गाण्यांवर बोलायचं म्हटल्यावर माझा मूड जरा सुधारला. शिवाय मनात गणित केलं की अर्ध्या तासाची बाजू, मी नीट रचून बोलेन आणि लाईट आली की उतरवून काढेन. आयातला पाजायला घेतलं, टेप समोर ठेवला. अम्मींनी दोन बटणं एकदम दाबली.

"अस्सलामु अलैकुम," मी सुरू केलं. "वाचकहो, खाडीवर सकाळचं कोवळं ऊन पसरलं असताना मनात विचार आला..."

"कोण आलंय?" दारातून आवाज आला. शेजारच्या जुलेखा खाला. चांदीचा टेप बघून त्यांचे डोळे केवढे झाले. "रझिया! कॅसेट भरतीस? कोण चाललंय?"

"कोण नाय चाललंय. ही कॉम्प्युटरातनं पाठवणार."

"माझा झैन वाचतो ना ते!" असं म्हणून खाला टेपसमोर बसल्याच. मला 'खाला, थांबा' म्हणायचीही सवड मिळाली नाही. त्या टेपच्या अगदी तोंडाशी तोंड नेऊन ओरडल्या, "झैन! केस काप! फोटो बगितला मी. काय रे ते, झाडू लावल्यासारखं! आन् दोह्यात थंडी असंल तर बंडी घाल!"

मी पुन्हा सुरू केलं, "तर मनात विचार आला की आई होणं म्हणजे..." आणि आयातने ढेकर दिला. साधासुधा नाही, हमालाला शोभेल असा. त्यासोबत माझ्या खांद्यावर दूधही आलं. तेवढ्यात अम्मी किंचाळल्या, "मेल्या मांजरा! बांगडा! माझा बांगडा!" आणि त्या धावल्या, खाला धावल्या, बाहेर बादली लवंडली. आत चुलीवर दूध ठेवलेलं. मी हाका मारतेय, "अम्मी, दूध! दूध बघा!" आणि मांडीवर पोर, मला उठता येत नाही. आयात मात्र हा सगळा गोंधळ ऐकून खिदळायला लागली. पहिल्यांदाच एवढी मोठ्याने.

तिला हसताना बघून माझा राग कुठे गेला कोण जाणे. रचलेलं सगळं विसरले. टेपचंही भान राहिलं नाही. तिच्याशीच बोलत बसले. "हसतेस? तुझ्यापायी माझं काय झालंय बघ. तुझ्या बापाला वाटतं तू शाळेत गेलीस की मी लिहीन. तू शाळेत जाशील तेव्हा मी तुझे डबे भरीन ना गं? सगळे विचारतात, कशी आहेस. मी म्हणते, बरी आहे. पण खरं सांगू का आयात, खरं सांगायचं तर मी..."

खट्. टेपचं बटण आपोआप वर आलं. बाजू संपली होती.

अर्धा तास गेला आणि माझी धड दोन वाक्यंसुद्धा झाली नव्हती. मी अम्मींवर चिडले. आता खोटं कशाला सांगू, चांगलीच चिडले. "ह्यात माझं काय आहे? सगळी तुमचीच गडबड! तुम्ही बंद का नाही केलं?" मांजराने अर्धा बांगडा नेला होता, अम्मी उरलेला धूत होत्या.

दुपारी अब्बा नमाज पढून घरी आले. टेप बाहेर दिसताच टोपी तशीच डोक्यावर ठेवून खाली बसले. "कोणी काढला?" म्हणत त्यांनी कॅसेट मागे फिरवली आणि लावली. मला लाजेने मेल्यासारखं झालं.

माझा सलाम झाला, कोवळं ऊन झालं, तोवर अब्बा आढ्याकडे बघत होते. खालांनी झैनला झाडू म्हटलं तशी त्यांची दाढी हलायला लागली. मांजर आल्यावर त्यांनी मांडीवर थाप मारली. "परत लाव, परत लाव," असं स्वतःलाच म्हणत त्यांनी मांजर तीनदा ऐकलं. आयात हसली तिथे त्यांनी टेप थांबवला आणि डोळे पुसले. मग शेवट. 'खरं सांगायचं तर मी...' खट्.

"अस्संच!" अब्बा म्हणाले. "हिची दर कॅसेट अशीच तुटायची. कधी पुरी नाय झाली. टोकापर्यंत बोलायची ना! एकदा म्हणते, 'आन् तुमचा भाऊ येऊन मला म्हणाला की...' खट्. खोलीत आम्ही बाराजण. दुसरी कॅसेट येईस्तोवर आमची भांडणं, भाऊ काय म्हणाला असंल. एकजण म्हणे जमीन मागितली असंल, एकजण म्हणे पोरगी बघितली असंल."

"काय म्हणाले होते?" मी विचारलं.

"नारळ उतरवायला माणूस मिळत नाय म्हणून," अम्मी आतून म्हणाल्या.

अब्बा हसत सुटले. मग मला म्हणाले, "पोरी, सलाम आन् बरं हाय, बरं हाय, ते सगळं आम्ही पळवायचो. ते तर पत्रात पण असतं. आम्हाला काय पायजे व्हतं? ही भांडी आपटते ते. कोंबडीला शिव्या घालते ते. ते ऐकलं की वाटायचं, मी पडवीतच बसलोय. तुझं ते उनाचं चांगलं हाय हां. पण मांजर लई भारी."

बी.ए. मराठीला मांजराने हरवलं होतं, पचायला थोडा वेळ लागणारच. पण टेप पुन्हा लावला तेव्हा मला ऐकू आलं की त्या गोंधळात एक बाई आहे. ती ओरडतेय, चिडतेय, पोरीशी भांडतेय, आणि तिचं बोलणं माझ्या कुठल्याही फिरवून फिरवून लिहिलेल्या वाक्यापेक्षा चांगलं आहे. ती आफरीनच होती. कुठे गेली नव्हती.

गुरुवारी लाईट आली तशी आम्ही कामाला लागलो. अम्मींच्या मांडीवर आयात, अब्बा टेपच्या बटणावर, मी किबोर्डवर. अब्बांना सांगितलं होतं, एक वाक्य झालं की थांबवायचं. पण ते ऐकण्यात एवढे रमायचे की चार वाक्यं पुढे जायची, मग मागे फिरवा. आयात रडली की मी तिला घ्यायचे, टाइप करणं थांबायचं; गप्प झाली की पुन्हा. मी काही म्हणजे काही गाळलं नाही. झैनचे केस घेतले, ढेकर घेतला, बांगडा घेतला. 'अम्मी, दूध! दूध बघा!' घेतलं.

शेवटच्या ओळीपाशी आले. 'खरं सांगायचं तर मी...' बोटं आपोआप पुढे सरकली. इतक्या वर्षांची सवय, शेवट गोल करून द्यायची. दोन-तीन चांगले शेवट सुचलेही. अम्मी माझ्याकडे बघत होत्या. मी हात मागे घेतला, टिंबं तशीच ठेवली आणि 'प्रकाशित करा'वर बोट दाबलं.

आणि लाईट गेली.

गेलं की राहिलं, कळायला मार्ग नाही. पडदा काळा. त्या दिवशी लाईट आलीच नाही, कुठेतरी तार तुटली म्हणे. अब्बा दर थोड्या वेळाने बटण दाबून बघत होते, जसा काही दिवा रुसून बसलाय. मी मनाशी म्हटलं, नसेल गेलं तर हे चिन्हच समजायचं आणि सोडून द्यायचं. असं म्हटलं आणि लगेच वाटलं, नाही, सोडणार नाही, परत टाइप करीन.

शुक्रवारी जेवणाच्या वेळी फोन वाजला. अक्रम. सलाम नाही, काही नाही.

"अगं, दूध उतू गेलं का?"

मला क्षणभर काही कळलंच नाही. मग मी एवढ्या मोठ्याने हसले की अब्बांचा घास हातातच राहिला.

"हसतेस काय? इथे पैज लागलीय! मी मोठ्याने वाचून दाखवलं सगळ्यांना. अर्धे म्हणतात गेलं, अर्धे म्हणतात जुलेखा खालांनी उतरवलं. झैनने दोह्याहून फोन केला, हसून हसून त्याला बोलता येईना, न्हाव्याकडे निघाला होता. आणि खाली लोकांनी काय काय लिहिलंय, बघितलंस का? 'खरं सांगायचं तर मी भुकेली आहे.' 'खरं सांगायचं तर मी या मांजराला सोडणार नाही.' ती न्यू जर्सीवाली म्हणते, 'खरं सांगायचं तर मी पण.'"

मग तो थांबला. मागचा गलका कमी झाला, बहुतेक खोलीबाहेर आला असावा. "आफरीन," तो हळूच म्हणाला, "खरं सांगायचं तर तू काय?"

मी सांगायला तोंड उघडलं. काय म्हणणार होते ते आठवेचना. दमलेय म्हणणार होते बहुतेक. दमलेली तर होतेच. पण आता, हातात फोन, खांद्यावर पोर, समोर भाताचा हात तसाच धरून माझ्याकडे बघणारे सासरे, त्या एका शब्दात हे सगळं बसेना. मी खुश होते.

"दूध गेलं उतू," मी म्हटलं. "सगळं गेलं. चूल विझली."

"आणि तू?"

तेवढ्यात आयातने फोनच्या वायरीला हिसका दिला, आणि फोन कट.

मी रिसीव्हर हातात धरून उभी होते. अम्मींनी ताट बाजूला सारलं, उठल्या, टेपमधली कॅसेट काढली, पदराने पुसली, उलटी करून आत बसवली आणि टेप माझ्यापुढे आणून ठेवला.

"बोल आता," त्या म्हणाल्या. "ही बाजू रिकामी हाय."